हातचा

वडील गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात
मी कांद्याच्या वखारीतलं कपाट उघडलं.
वर पेपरमिंटचा डबा, सुतळीची गुंडी,
खाली दोन वह्या.

काळ्या वहीत देवाचा हिशेब होता.
प्रत्येक गोणी, प्रत्येक जहाज,
आणि पानाच्या तळाशी लाल रेघेखाली
दशांश. एक सेंटही सुटलेला नाही.

हिरवी वही सरकारची.
तिच्यात वर्षं तीच होती,
पण पाऊस जरा जास्त पडला होता,
कांदा सडला होता,
रॉटरडॅमहून जहाजं कमी आली होती.

मारिनुस कोपेयान खोटा माणूस नव्हता,
हे लिहिताना माझा हात अडखळत नाही.
रविवारी लांब दांड्याची मखमली झोळी यायची,
मूठ मिटलेली आत जायची, मोकळी बाहेर.
शेजारच्यालाही कळू नये म्हणून तर ती झोळी.
त्यांनी कधी पावती घेतली नाही.
पावती दाखवली असती तर करात सूट होती.
"देवाला देऊन वर सूट मागायची?" म्हणायचे.

देवाला त्यांनी हातचं राखून दिलं नाही.
राखलं ते सगळं दुसरीकडून राखलं.

माझा भाऊ इमान म्हणाला, काळी वही जाळ.
खरी कमाई तिच्यातच आहे,
तीच साक्ष देईल.
शेगडी पेटलेलीच होती.

मी पाळकांकडे गेले.
त्यांनी कॉफी ओतली, साखर विचारली,
मग बराच वेळ ऑर्गनच्या नव्या नळ्यांकडे बघत राहिले.
त्यातल्या अकरा आमच्या.

मला त्रेपन्न सालचा फेब्रुवारी आठवत होता.
आई आणि आम्ही दोघं माळ्यावर,
खाली स्वयंपाकघरात समुद्र,
आणि त्या काळ्या पाण्यावर, दिव्याच्या उजेडात,
आमचे कांदे तरंगत होते.
शेकडो. एकमेकांवर हळू आपटत.

नंतर बांध उभा राहिला, पूर्वीपेक्षा उंच.
त्यात लिंबुर्गच्या कोळसा खाणीतल्या मजुरांचे पैसे होते,
आठवड्याच्या पगारातून कापलेले.
जपमाळ ओढणारी माणसं.
वडिलांच्या मते पार वाट चुकलेली.
त्यांनी आमचं गाव नकाशातही पाहिलं नसेल.
त्यांच्या नावाची पाटी कुठल्याच भिंतीवर नाही.
बांधावर मेंढ्या चरतात.

लहानपणी वडीलच शिकवायचे,
बेरीज करताना हातचा विसरायचा नाही.
मी सतरा वर्षांची बेरीज केली,
हातचे कोपऱ्यात बारीक अक्षरात मांडत.
खाडीकाठची दोन शेतं गेली.
इमान अजून बोलत नाही.

कर खात्याचं निळं पाकीट आलं.
आत एक छापील कागद:
पूर्वीच्या नोंदी चुकण्याचं कारण.
आजारपण, आकडेमोडीतली चूक, गैरसमज.
इतर.
'इतर'पुढे दीड इंच जागा होती.
मी लिहिलं: कांदे तरंगत होते.
त्यावर कुणी काही विचारलं नाही.
पैसे जमा झाल्याचा शिक्का तेवढा आला.

परवा रविवारी झोळी माझ्यापुढे आली
तेव्हा मुठीत एकच गुल्डन होता.
एका बाजूला राणीचा चेहरा,
आणि कडेवर, बोटाला जेमतेम लागतील अशी अक्षरं:
देव आमच्याबरोबर असो.
ती कुठल्याच बाजूची नाहीत.
नाणं फिरवलं की तीही फिरतात.

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
दांडा धरून उभा असलेला मुलगा वाट पाहत होता.
मी अंगठ्याने कड चाचपत राहिले,
जरा जास्तच वेळ.